जावेचा पाव

माझ्या जावेने पहिल्यांदा पाव पाठवला तो सोमवार होता. संध्याकाळी हे तुयेहून आले, स्कूटर लावली, डबा ओट्यावर ठेवला, पाय धुतले आणि खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "पाव बरो आसा. तिका सांग."

मी कोथिंबीर निवडत बसले होते. माझा हात तिथेच थांबला.

चोवीस वर्षं मी ह्या माणसाचा डबा भरते आहे. तुयेच्या औद्योगिक वसाहतीतला ह्यांचा पहिला कारखाना बंद पडला, दुसऱ्यात लागले, ॲल्युमिनियमच्या डब्याचा स्टीलचा झाला, स्टीलचा जाऊन आता गरम राहणारा आला, पण भरणारे हात तेच. एवढ्या वर्षांत माझ्या जेवणाबद्दल ह्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. मीठ कमी पडलं की "मीठ कमी", आणि जास्त झालं की नुसतं "मीठ". बाकी डबा रिकामा आला म्हणजे आवडलं, हे मी आपलं मीच ठरवून टाकलेलं. नवी नवरी असताना एकदा विचारलं होतं, कशी झाली होती आमटी? तर म्हणाले, खाल्ली की. त्यानंतर मी विचारणं सोडून दिलं आणि ह्या माणसाच्या तोंडातून तसे शब्द येतच नाहीत अशी मनाची समजूत घातली.

आणि आता कळलं की येतात. पहिल्या फटक्यात येतात. फक्त माझ्यासाठी येत नाहीत.

"सांगते," मी म्हटलं, आणि कोथिंबिरीचे देठ जरा जास्तच जोरात तोडले.

जाऊ म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाची बायको. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, माहेर सावंतवाडीकडचं. पेडण्याजवळच्या आमच्या गावात घर एकच, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. मागचं परसू सामायिक, विहीर सामायिक. दीर बोटीवर असतो. सहा-आठ महिने समुद्रावर, मग दोन महिने घरी. मुलीच्या शाळेसाठी ती बरीच वर्षं म्हापशाला फ्लॅटवर राहिली. मुलगी शिकायला पुण्याला गेली तशी गेल्या वर्षी चतुर्थीनंतर ही एकटीच गावी परत आली. टेम्पोतून सामान उतरलं ते मी खिडकीतून बघत होते. कपाट, पलंग, दोन ट्रंका, आणि दोघांनी उचलून आणलेला एक भलामोठा ओव्हन. मी मनात म्हटलं, एकट्या बाईला एवढा ओव्हन कशाला?

त्याच सुमारास पेडण्याच्या डॉक्टरांनी ह्यांना साखर सांगितली होती. भात कमी करा, म्हणाले. म्हणून मी डब्यात नाचणीची भाकरी द्यायला लागले. तव्यावरून उतरते तेव्हा माझी भाकरी अशी फुगलेली असते की बघत राहावं. पण जेवणाची सुट्टी एक वाजता, आणि तोवर ती ताठ होते. ह्यांची दाढ दुखरी. अर्धी भाकरी परत यायला लागली. सकाळी पाववाला पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत येतो त्याच्याकडची कोंड्याची पोयी देऊन बघितली, पण ती गरम असते तोवरच छान, दुपारी दातांनी ओढून तोडावी लागते. मग पुन्हा भाकरी, आणि पुन्हा अर्धी परत. उरलेले तुकडे मी संध्याकाळी परसात कावळ्यांना टाकायची. कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून मुद्दाम माडाच्या आडोशाला जाऊन टाकायची.

तर ते तिने बघितलं होतं. एक दिवस ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाव स्टीलच्या डब्यात घालून ती मागच्या दाराने आली. "वयनी, भावोजींक सँडविच करून दिया. सात धान्यां आसत. दोन दीस मऊ रवता."

पाव चांगला वीतभर लांब, वरून तपकिरी, त्यावर तीळ आणि अळशी टोचलेली. मी सुरी लावली तर चकती अशी सरळ निघाली की राग आला. काकडी, टोमॅटो, खोबऱ्या-कोथिंबिरीची चटणी घालून चार सँडविचं केली. चटणी माझी होती. काकडी मी चिरली होती. पण "बरो" मिळालं ते पावाला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिने विचारलं, "भावोजी काय म्हणाले काय?"

आता इथे मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आयतं दिलेलं वाक्य, जसंच्या तसं पोचवायचं. मी कळशी विसळली, पुन्हा विसळली आणि म्हटलं, "ते कधी काय म्हणतात गो? खाल्लो."

"खाल्लो मां? मगे जालां," ती म्हणाली. पण ती जरा थांबली होती, माझ्याकडे बघत. अजून काही आहे का म्हणून. मी कळशी कमरेवर घेऊन चालू पडले.

आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करायची पद्धत नाही. ती पाव घालून डबा पाठवायची, मी त्यात काहीतरी घालून परत करायची. आधी आमसुलं घातली. मग मुगाचे लाडू. मग मी तवशाचा, म्हणजे जून काकडीचा किस, गूळ, रवा घालून तवसोळी केली, केळीच्या पानावर, वर काजू लावून. एरवी मी काजू दडवून ठेवते, पण त्या दिवशी मूठभर लावले. ती दारात उभी राहून खायला लागली आणि म्हणाली, "वयनी, असली तवसोळी मी जल्मात खावक नाय." तिचं कौतुक खरं होतं, दिसत होतं ते. पण मला तिच्याकडून नकोच होतं. तोच तुकडा मी ह्यांच्या ताटलीत ठेवला होता आणि हे तो टीव्हीकडे बघत खाऊन हात धुऊन आले होते.

आठवड्यातून दोनदा पाव यायला लागला. डबा चाटूनपुसून रिकामा येत होता आणि कावळे माडावर उपाशी बसून होते. एकदा रविवारी संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात आले. हे तिथे कधी येत नाहीत. म्हणाले, "पाव येवक ना आज?" माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझी भाकरी नाही आली म्हणून कधी कोणी दारात येऊन उभं राहिलं नव्हतं.

लोकांना वाटतं, हेवा दागिन्यांचा वाटतो, घराचा वाटतो. दिराच्या बोटीच्या पगाराचा मला कधीच हेवा वाटला नाही, खरं सांगते. तिच्याकडे गाडी आहे, मुलगी हुशार आहे, केस अजून काळे आहेत. सगळं तिला लखलाभ. पण माझ्या नवऱ्याच्या डब्यातला एक शब्द ती येऊन घेऊन गेली हे काही मला गिळवेना. भात ढवळताना, कपडे वाळत घालताना, तोच शब्द कानात. बरो आसा. बरो आसा.

शेवटी मी ठरवलं की तोच पाव आपण करायचा. जसाच्या तसा, आणि तिला न सांगता. धान्याची नावं विचारताना मी असा सूर लावला की आपलं सहज. ती कणीक मळत होती, हात कोपरापर्यंत पिठात. तिने एक एक करून सगळी सांगितली. गहू सगळ्यांपेक्षा दुप्पट, मग नाचणी, ज्वारी, बाजरी, मका, सोयाबीन, थोडे चणे. दळून एकत्र. वरून तीळ आणि अळशी. यीस्ट, गूळ, मीठ, तेल किती, किती वेळ मळायचं, दोनदा फुगवायचं कसं, ओव्हन किती तापवायचा, सगळं. वर हात पुसून कॅलेंडरच्या जुन्या पानावर लिहूनही दिलं. मी ते पान ब्लाउजमध्ये खोचून आणलं आणि तांदळाच्या डब्यात लपवलं.

फाल्गुनातलं ऊन होतं. सातही धान्यं धुतली, गच्चीवर जुन्या लुगड्यावर वेगवेगळी वाळवली. डोक्यावरून मोपाच्या विमानतळावर उतरणारी विमानं जात होती आणि मी काठी घेऊन चिमण्या हाकलत बसले होते. मग काईल चुलीवर चढवली आणि एक एक धान्य मंद आचेवर भाजलं. गहू तांबूस होईपर्यंत, नाचणी तडतडेपर्यंत, सोयाबीनची साल सुटेपर्यंत. माझी आई शिरगावला वड्यांची भाजणी अशीच करायची. निरनिराळी धान्यं एकत्र दळायची म्हणजे आधी भाजायची, हे मला कोणी शिकवलेलं नाही, मला ते येतच होतं. धान्य न भाजता गिरणीत नेणं म्हणजे आमच्याकडे आळशीपणा. माहेरी तर त्यावरून सुनेला बोल लावतात.

गिरणीवाल्याने पिठाचा वास घेतला आणि म्हणाला, "वडे काय वयनी?"

"वडे," मी म्हटलं.

दर शुक्रवारी जाऊ म्हापशाच्या बाजाराला जायची. सकाळची बस पकडायची ती जेवणवेळेपर्यंत परत नाही. किल्ली आमच्याकडे ठेवून जायची, टाकीत पाणी चढवायला. तर त्या शुक्रवारी मी पाणी चढवलं, आणि तिच्या ओव्हनमध्ये माझा पाव भाजला.

हो, चोरून. तिच्याच घरात, तिच्याच साच्यात. आता लिहितानाही कानशिलं गरम होतात.

पीठ मळतानाच मला शंका यायला हवी होती. ते ताणलं की तुटत होतं, वाळूसारखं सुटत होतं. मी म्हटलं, फुगेल. घड्याळाकडे बघत तासभर फडकं उचलून उचलून बघितलं. ते जसं ठेवलं होतं तसंच बसलेलं, वर दोन भेगा. दोन तास झाले. म्हटलं, ओव्हनच्या उष्णतेला फुगेल. शेवटी साच्यातून जो बाहेर पडला तो पाव नव्हता, चिऱ्याचा तुकडा होता. ओट्यावर पडला तर आवाज झाला. सुरी आत जाईना. मी तो परसात नेऊन भटक्या कुत्र्यापुढे टाकला. कुत्र्याने हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेलं. मग मिरचीच्या वाफ्यात खड्डा करून पुरला.

साचा घासला, ओटा पुसला, पंखा लावून खिडक्या उघडल्या, पुन्हा लावल्या. किल्ली खुंटीवर.

ती दुपारी आली, किल्ली घेतली, माझ्यासाठी आणलेली चवळीची जुडी दिली. संध्याकाळी विहिरीवर भेटली तेव्हा काही बोलली नाही. नुसती हसली. मी म्हटलं, सुटले.

पण सुटले कुठे? पाव का झाला नाही हा प्रश्न डोक्यात भणभणत होता. मी लिहिल्याबरहुकूम सगळं केलं होतं, एक चमचा इकडे तिकडे नाही. म्हणजे तिने काहीतरी लपवलं होतं. हा विचार सुचला आणि मला एकदम हलकं वाटलं. शिरगावच्या बहिणीला फोन लावला. बहीण म्हणाली, अगो, असल्या बायका हात राखूनच सांगतात, एखादी वस्तू पोटात ठेवतात. मला तेच ऐकायचं होतं. तीन आठवड्यांचा माझा जळफळाट अचानक माझा हक्क झाला. मी चोर होते ती आता फसवली गेलेली बाई झाले.

पुढच्या वेळी ती पाव घेऊन आली तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. "नको गो आता. ह्यांच्या पोटाक सोसना. आंबट ढेकर येतत म्हणतत."

ती डबा हातात घेऊन तशीच उभी. "भावोजी म्हणाले?"

"म्हणाले."

"यीस्ट कमी करून बघू?"

"नकोच."

आधीच्या खेपेचा तिचा डबा माझ्याकडे होता. मी तो आणून दिला. रिकामा. धुतलेला, लख्ख, आणि रिकामा. तिने झाकण उघडून बघितलं नाही, पण हातात घेतला तेव्हा वजनावरून तिला कळलं असणार. ती "बरां" म्हणाली आणि गेली.

ह्यांना मी सांगितलं, "ती आता पाव करत नाही. कंटाळली."

 ह्यांनी काही बोलावं अशी सोय मी ठेवलीही नव्हती. डब्यात पुन्हा भाकरी गेली, पुन्हा अर्धी परत आली, कावळे खाली उतरले. हे संध्याकाळी गालाला हात लावून बसायचे. मी विचारलं, दुखते? तर म्हणाले, ना. रात्रीची भाकरी आमटीत बुडवून गिळायचे. मी बघत होते सगळं. असं नाही की मला दिसत नव्हतं. पण पाव त्या घरातून येण्यापेक्षा दाढ दुखलेली परवडली, असं माझं त्या दिवसांत झालं होतं. चैत्र असाच गेला. जत्रेला शिरगावला गेले, देवीसमोर हात जोडले, आणि जोडलेल्या हातांनी काय मागायचं ते सुचेना. ह्यांची साखर कमी होऊ दे म्हणावं तर डोळ्यांपुढे पाव यायचा.

जत्रेनंतरचा रविवार. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला तसे हे स्वतः फाटकापाशी गेले, सुट्टी होती म्हणून. मी मागोमाग पिशवी घेऊन. जाऊ पण तिच्या बाजूने आली, दोन पोयी घ्यायला. पोदेर टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला करत होता. हे सहसा तिच्याशी बोलत नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्याने थोडकंच बोलायचं असतं, तसं. पण त्या दिवशी बोलले.

"गो, पाव करूक बंद केलंस?"

मला वाटलं, जमीन फाटावी. ती ह्यांच्याकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पोदेराने दोन पोयी मोजाव्यात एवढा वेळ. तेवढ्यात तिला सगळं समजलं, हे मला दिसलं. आंबट ढेकर, पोटाला न सोसणं, रिकामा डबा, सगळं.

"ओव्हन बिघडलो भावोजी," ती म्हणाली. "म्हापशाक न्हेवक जाय दुरुस्तीक. मगे करतंय."

"हां," हे म्हणाले, आणि पोयी घेऊन आत गेले.

तिने मला फाटकापाशी उभं करून दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या आणि आमचं भांडण होऊन मोकळं झालं असतं. पण ती माझ्यासाठी खोटं बोलली. एवढं सहज, पोयी घ्यायला आणलेलं फडकं झटकता झटकता. मला तिचा तेव्हा जितका राग आला तितका पावाच्या वेळीही आला नव्हता. म्हणजे चांगुलपणातही हीच पुढे.

दुपारची भांडी घासायला मी परसात गेले तर ती विहिरीच्या कठड्यावर बसली होती. मला टाळता आलं नसतं. मी राख घेऊन घासायला बसले. ती म्हणाली, "वयनी, त्या शुक्रवारी तुमी धान्य भाजून घेतलात मां?"

माझ्या हातातली कढई घसरली.

"बाजारातसून येवन दार उघडलंय तर घरभर भाजणीचो वास," ती म्हणाली. "माझी आयव वड्यांक तशीच धान्यां भाजी होती. माका वाटला, वयनी आपणहून सांगतली. म्हणान गप रवलंय." मग कपाळावर हात मारून म्हणाली, "चूक माझीच. कच्चांच दळायचा म्हणान मी सांगूकच नाय. कोण सांगता? भाजल्यार गव्हाचो चीक मरता, मगे तो कशाक फुगतलो?"

तर एवढंच होतं. तिने काही पोटात ठेवलं नव्हतं. माझ्या आईने शिकवलेलं, माझ्या अंगात भिनलेलं, ज्याचा मला तोरा होता, तेच मी नको तिथे केलं होतं. आणि त्यापायी दोन महिने ह्यांना ताठ भाकरी चावायला लावली होती. मला रडू आलं. राखेचे हात असल्यामुळे डोळे पुसता येईनात.

"मी तुका खोटां सांगितलां," मी म्हटलं. "ह्यांच्या पोटाक काय जावक ना."

"कळलां माका." ती पाण्यात बघत होती. "एकट्यासाठी पाव होयना वयनी. साचो एवढो मोठो. दोन चकत्यो मी खातंय, बाकीचो कोणाक दिवचो? तुमी घेयत होतात म्हणान करी होतंय." मग उठली. "उद्या गहू कच्चे दळून हाडा. मी दाखवतंय."

मी गेले. कच्चे गहू, कच्ची नाचणी, सगळं कच्चं. गिरणीवाल्याने वास घेतला आणि काही विचारलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात मी मळलं, तिने हात मागे बांधून ठेवले होते. "तुमीच करा. मी लावलंय हात तर तुमका कळाचा नाय." वीस मिनिटं मळलं. दंड भरून आले. आणि मग ते पीठ एकदम बदललं, हाताला चिकटायचं थांबलं, ताणलं तर तुटेना. फडक्याखाली दुप्पट झालं. मी फडकं उचलून बघितलं आणि ओरडलेच. ती हसत सुटली. त्या हसण्यात काही नव्हतं, पण मला तेव्हाही वाटून गेलं की ही आता उदार मनाने हसते आहे, हिला काय, हिला येतंच. एवढ्याने माझं काही निवळलं नव्हतं.

रात्रभर पाव फडक्यात गार होऊ दिला. गरम असताना कापायचा नाही, ती म्हणाली होती. सकाळी चार चकत्या कापल्या. काकडी, टोमॅटो, चटणी. ह्यांना काही सांगितलं नाही. डबा हातात दिला आणि स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत फाटकापाशी उभी राहिले.

तो सगळा दिवस मी काही धड केलं नाही. एक वाजला तेव्हा घड्याळाकडे बघत बसले. आता उघडला असेल. आता पहिला घास. तीन वाजता वाटलं, मीठ घातलं होतं ना? उरलेल्या पावाची एक चकती खाऊन बघितली. मीठ बरोबर होतं.

संध्याकाळी स्कूटर लागली. डबा ओट्यावर आला. मी उचलून बघितला, हलका. पाय धुतले. खुर्ची.

"ओव्हन दुरुस्त केल्यान मां तिणें?" हे म्हणाले. "पाव आदल्यापेक्षा बरो जालो. तिका सांग."

आदल्यापेक्षा.

माझ्या तोंडात आलं होतं. अगदी दातांपाशी आलं होतं. तो मी केलाय, ह्या हातांनी, कणकेपासून. एवढं म्हटलं असतं की चोवीस वर्षांचं राहिलेलं एका वेळी मिळालं असतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. कदाचित "तूं?" म्हणाले असते. मी तो "तूं?" सुद्धा आयुष्यभर पुरवला असता.

पण ते "तिका सांग" कानात पडलं आणि मला तो पहिला सोमवार आठवला. विहिरीवर दोनदा विसळलेली कळशी. माझ्याकडे बघत थांबलेली ती. ह्यांनी तेव्हाही हेच सांगितलं होतं, मी "सांगते" म्हटलं होतं, आणि सांगितलं नव्हतं.

"सांगते," मी म्हटलं.

पाव मी तिच्याच स्टीलच्या डब्यातून घरी आणला होता. उरलेला अर्धा पाव त्यात घातला, झाकण लावलं आणि मागच्या दाराने गेले. ती पायरीवर बसून सुरंगीची फुलं ओवत होती. मी उभ्याउभ्याच बोलले, बसले असते तर बोलता आलं नसतं.

"पयलो पाव पाठयलंस त्या दिसा हे म्हणालेले, पाव बरो आसा, तिका सांग. मी तुका सांगूक ना."

तिची सुई थांबली. "पयल्याच दिसा?"

"पयल्याच दिसा."

"भावोजी म्हणाले? आपणहून?"

"आपणहून."

तिने फुलं मांडीवरून खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं, आणि मग एवढी हसली की ती चतुर्थीनंतर गावी आल्यापासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. तिच्या पावाला बरा म्हणणारं घरात कोणी नव्हतं. माझ्या घरातलं एक माणूस म्हणालं होतं आणि ते मी इतके महिने दाबून ठेवलं होतं.

"आनी आजचो?" तिने विचारलं. "आज काय म्हणाले?"

"आजचोय बरो म्हणाले."

"तुमी केलात म्हणान सांगलात मां?"

"ना. सांगूक ना."

 मी डबा तिच्या हातात दिला आणि घरी आले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकू आला. बोटीवरून दिराचा फोन आला होता आणि ती त्याला सांगत होती, भावोजींनी म्हटलं, पाव बरो आसा, पयल्याच दिसा म्हटलं. तीच गोष्ट दोनदा सांगितली. मी चुलीपाशी उभी राहून ऐकलं. पोटात दुखलं ते दुखलंच, खोटं कशाला बोलू.

आदल्यापेक्षा बरो, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. तेवढं मी माझ्याकडे ठेवलं.